जवारी

आमच्या चिरंजीवांनी शिकवण्यांच्या पैशांतून विजेची गिटार घेतली, तेव्हा शेजाऱ्यांनी विचारले, "मास्तर, पिठाची गिरणी टाकलीत का?" या संगीताला 'मेटल' म्हणतात. वर्गात 'गप्प बसा' म्हणण्यात माझी हयात गेलेली. एके संध्याकाळी तोंडून निघून गेले, "याला सूर म्हणत नाहीत, बाबा." तो उलट बोलला असता तर बरे झाले असते. गिटार खोळीत गेली ती पंधरा दिवस बाहेर आली नाही.

पुढे त्याच्या आईकडून कळले, की मित्रांबरोबर वाजवताना नेमकी त्याचीच गिटार कोणाला ऐकू येत नाही. एवढा गोंगाट, आणि ऐकू येत नाही! मी खोलीत जाऊन बसलो आणि म्हटले, "लाव पाहू."

ॲम्प्लिफायरवरचा गेन अगदी शेवटाला टेकलेला, बेस, ट्रेबल चढवलेले, मिडल शून्यावर. एकट्याने ऐकताना थाट मोठा, पण मधे पोकळ. गेन म्हणजे काय, ते त्याने मान खाली घालूनच सांगितले. तारेचा सूर इतका फुगवायचा, की त्याच्या लाटेचे माथे कापले जातात आणि मुळात नसलेले उपस्वर जन्माला येतात.

मला एकदम वडिलांचा तंबोरा आठवला. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवीत ते जवारी लावीत. दोरा केसभर हलला तरी सूर बिघडे. एकतर मुका होई, नाहीतर त्याची नुसती झणझण उरे.

"गेन निम्म्यावर आण," मी म्हणालो. त्याने नाराजीनेच आणला. मग मिडल चढवला, बेस उतरवला. खालची जागा बेस गिटारची आणि ढोलाची, तिथे याने कशाला गर्दी करावी? आता तळहाताची कड घोडीजवळ तारांवर टेकवून त्याने छेडले. मघाशी चिखलात पाय पडल्यासारखे वाटत होते. आता छिन्नीचे घाव वेगळे मोजता आले. पुढची युक्ती मात्र त्याची. ओव्हरड्राइव्हचे पेडल मधे घालून त्याचा ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर आणि लेव्हल वर ठेवली, तशी जाड तारांची चरबी झडली.

मग त्याची कळी खुलली. बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमीची गोष्ट त्याने सांगितली. 1965 साली, सतराव्या वर्षी, कारखान्यात कामाच्या शेवटच्या दिवशी त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच! प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणे केली, तारा बारीक घेतल्या, पुढे त्या सैलही सोडल्या. 1971 च्या त्याच्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' या ध्वनिमुद्रिकेतला जडपणा त्या सैल तारांचा. ऐकता ऐकता माझे लक्ष मुलाच्या बोटांकडे गेले. त्यांना घट्टे पडले होते. मला ते आजच दिसले.

रविवारी तो मित्रांकडून परतला आणि दारातूनच म्हणाला, "बाबा, आलो ऐकू!" मग चपला काढता काढता विचारले, "आजोबांचा तंबोरा माळ्यावरच आहे ना?"

शेजाऱ्यांना फरक कळलेला नाही. ते अजून दळणाचा भाव विचारतात.