उद्या जाणारा

आषाढीस संत देवाच्या भेटीला जातात, हे आम्हां महाराष्ट्रीयांच्या अंगवळणी पडलेले आहे. देव आपला विटेवर उभा. चालायचे ते भक्तांनी. नोकरीनिमित्त चेन्नईस बिऱ्हाड केल्यावर मैलापूरच्या कपालीश्वराच्या उत्सवात आम्हांस याच्या अगदी उलट रीत पाहावयास मिळाली. येथे महादेव स्वतःच संतांचा मेळा बरोबर घेऊन रस्त्यावर उतरतो.

तमिळ पंचांगातील पंगुनी महिन्यात, म्हणजे मार्च-एप्रिलच्या सुमारास, हा १० दिवसांचा उत्सव असतो. सातव्या दिवशी रथ निघतो आणि आठव्या दिवशी दुपारी ‘अरुबत्तुमूवर’, म्हणजे ६३ शिवभक्तांची मिरवणूक. या भक्तांना नायन्मार म्हणतात. सेक्किळाराने बाराव्या शतकात ‘पेरियपुराणम्’ या काव्यात त्यांची चरित्रे गायिली. त्यांच्या धातूच्या लहान लहान मूर्ती पालख्यांत ठेवून देवळाभोवतालच्या चारही रस्त्यांनी मिरवितात. कडेला ठिकठिकाणी लोक ताक आणि गुळाचे पानक वाटीत उभे असतात. तहानलेला माणूस कोण, कोठला, हे तेथे कोणी विचारीत नाही.

पालख्यांतील मंडळीही अशीच सरमिसळ आहे. राजे आहेत, ब्राह्मण आहेत. त्यांच्याच रांगेत तिरुनीलकंठ कुंभार आहे, अदिपत्तर कोळी आहे, देवाला स्वतःचा डोळा काढून देणारा कण्णप्पर पारधी आहे. आमची दृष्टी मात्र दरवर्षी एकाच मूर्तीचा शोध घेते. ती नंदनाराची.

नंदनार जातीने पुलैयर, अस्पृश्य मानलेला. चिदंबरमला जाऊन नटराजाचे दर्शन घ्यावे, हा त्याला ध्यास. परंतु आपल्या जन्माला देऊळ बंद आहे, हे त्याला ठाऊक. म्हणून तो रोज ‘उद्या जाईन’ म्हणे. तेच त्याचे नाव पडले : तिरुनाळैप्पोवार, उद्या जाणारा. तिरुप्पुंगूरला त्याला बाहेरूनच दर्शन व्हावे म्हणून नंदी बाजूला सरला, असे सांगतात. दगडाचा बैल सरला. माणसे सरली नाहीत. अखेर चिदंबरमला तो अग्नीत शिरला आणि जानवे घातलेला मुनी होऊन बाहेर आला, तेव्हाच त्याला आत जाता आले. देवळात पाऊल ठेवण्यासाठी नंदनाराला नंदनार राहता आले नाही. या गोड कथेतील ही कडू बी आमच्या घशाखाली उतरत नाही.

एके वर्षी आमच्या कचेरीत झाडलोटीचे काम करणारे एक वयस्क गृहस्थ त्या गर्दीत भेटले. खांद्यावर नात होती. कपाळावर ताजी विभूती. पालखीकडे हात जोडून ते म्हणाले, “सार, आमचे आजोबा एवढेच बघत. रस्त्यावरून. आत ते कधी गेले नाहीत.” मग नातीचा पाय नीट धरीत सहजपणे म्हणाले, “आम्ही आत्ताच आतून आलो.”

वाचकहो, ‘उद्या’ हा शब्द आम्हां कारकुनांच्या फार परिचयाचा. खिडकीशी आलेल्या माणसाला ‘उद्या या’ म्हणून वाटेला लावणे, हा कचेऱ्यांचा जुना शिरस्ता. त्यामुळे त्या संताचे नाव ऐकताच आम्ही चपापतो. तो ‘उद्या’ त्याने कोठे ठरविला होता? दाराशी बसलेल्यांनी तो ठरविला होता.

मद्रास प्रांतात तो ‘उद्या’ १९४७ च्या मंदिरप्रवेशाच्या कायद्याने निकालात काढला. आमच्याकडेही चोखोबाची समाधी विठ्ठलाच्या महाद्वारासमोर बाहेरच राहिली, आणि त्याच १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले, तेव्हा पंढरपूरचे दार सर्वांना उघडले. चोखोबाचे अभंग गाणारे आणि नंदनाराची पालखी वाहणारे, दोघांचीही भक्ती खोटी नव्हती. ती दारापाशी येऊन थबकत होती, इतकेच.

सरकारी कागदाची थट्टा करण्याची आपल्याकडे जुनी आवड आहे, आणि तिला कारणेही पुष्कळ आहेत. तरीही पंगुनीतल्या त्या दुपारी आम्हांस वाटते, की पुराणाने नंदनाराला पालखी दिली. त्याच्या माणसांना दार मिळवून दिले ते एका रुक्ष कागदाने. त्या कायद्याचा मसुदा कोणा कारकुनाने टंकलिखित केलाच असेल. त्याचे नाव ६३ जणांत नाही, असण्याचे कारणही नाही. पण त्या दिवशी त्याने ते काम उद्यावर टाकले नाही, याचा आम्हांस, त्याच्या जातभाईंना, अभिमान वाटतो.