फिरतीचा माल

हुपरीत चांदीच्या धंद्यातल्या माणसाला फिरती चुकत नाही. पैंजण घरात बसून घडवता येतात, विकायला मात्र गाव सोडावं लागतं. सेलम, मदुराई, राजकोट, आग्रा ही नावं आमच्याकडच्या पोरांना भूगोलाच्या पुस्तकाआधी घरातच कळतात. माल खपवून परत येताना कुणी मदुराईची साडी आणायचं, कुणी आग्र्याचा पेठा. आमच्या गल्लीतले आप्पा कॅसेटी आणायचे.

आप्पांचं पूर्ण नाव लिहीत नाही. मंडळाच्या फोटोतसुद्धा ते पेटीमागं मान घालून बसलेले दिसतात. नाव छापून आलेलं त्यांना रुचलं नसतं. मला मात्र त्यांच्याविषयी लिहायचं आहे. आज माझ्या कानात जे काही आहे आणि ताटात जे पडतं, त्यातलं बरंचसं त्यांच्याकडून आलेलं आहे.

मी शाळेत असल्यापासून भजनी मंडळात टाळ धरायचो. पंचपदी, रूपाचे अभंग, गौळण, भारूड, आणि उजाडायला आलं की भैरवी, हा क्रम डोळे मिटूनही चुकत नसे. मंडळावर माझा फार जीव. चाल कुणी घ्यायची यावरून होणारी कुरकुर, पखवाजाला लावायची कणीक मळताना चाललेल्या गप्पा, मधल्या चहाला मिळणारी फुटाण्याची मूठ, सगळं आवडायचं. त्यामुळं माझी एक पक्की समजूत झाली होती, की गाणं म्हणजे आमच्या मंडळाचं भजन. बाकी सगळे थेर. जत्रेत कर्ण्यावर लावणी लागली की मी तोंड वाकडं करून घरात जायचो. वय सोळा-सतरा, आणि गळ्यात नवी तुळशीची माळ.

दहावीनंतर आप्पांच्या कारखान्यात कामाला लागलो. कारखाना म्हणजे माडीवरची एक खोली. हे १९८६च्या आसपासचं. घुंगराच्या दोन अर्ध्या वाट्या, आत बारीक खडा, कडेला सवागी लावायची आणि डाग द्यायचा. ज्योत क्षणभर जास्त लागली की वाटी बसते, कमी लागली की सांधा उघडा राहतो. आप्पा तयार घुंगरू कानाशी नेऊन हलवायचे आणि डोळ्यांनी न बघता बाजूला टाकायचे, हा चांगला, हा मुका. त्यांच्या मागच्या फळीवर दोन खणांचा टेप होता. तो दिवसभर चालू.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी सुलोचना चव्हाणांच्या लावण्या लावल्या. मी धीर करून म्हटलं, "आप्पा, माळ घालून हे ऐकायचं?" ते रागावले नाहीत. ज्योत बाजूला केली आणि म्हणाले, "आपली एकादशीची गौळण म्हण बघू." मी म्हटली. त्यांनी नुसतं टेपकडं बोट केलं. चाल तीच होती. ठेका जरा सैल केलेला, खटके काढलेले, पण तीच. त्यांनीच ती कधीतरी गौळणीला बसवली होती आणि आम्ही ती परंपरेची म्हणून डोळे मिटून गात होतो. मला काही बोलायला उरलं नाही. ते म्हणाले, "आधी ऐकावं. आवडलं न्हाई तर न्हाई म्हण, माझी काय हरकत न्हाई. पर ऐकल्याबिगार न्हाई म्हणू नगंस."

त्या एका वाक्यावर माझी पुढची काही वर्षं गेली. शिकवणी अशी कधी झाली नाही. राग, ताल, घराणं हे शब्द त्यांच्या तोंडी फार नसत. ते फक्त संध्याकाळी घरी निघताना हातात एक कॅसेट ठेवायचे. आणि ती वहीत लिहायचे. आमच्या धंद्यात कारागिराला दिलेली चांदी, आलेला माल आणि घट, असं तीन रकान्यांत मांडतात. आप्पांनी कॅसेटीसाठी तशीच वही घातली होती. दिली, आली, घट. घटीच्या रकान्यात 'फीत ओढली', 'बी बाजूला कुरकुर', असं लिहिलेलं असे. माझ्या नावापुढं ते बरंच आहे. तरी पुढची कॅसेट कधी अडवली नाही.

दसऱ्यानंतर पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची जत्रा भरते. हुपरीच्या अगदी शेजारचं गाव. लहानपणापासून जात होतो, पण भाकणूक ऐकायची आणि भंडाऱ्यानं पिवळं होऊन परतायचं एवढंच ठाऊक. आप्पांनी एकदा मला ढोल आणि कैताळाच्या घोळक्यात उभं केलं आणि डोळे मिटायला लावले. पन्नासेक ढोल एका हातानं पडत होते. कुणी पुढं हात करून मोजत नव्हतं, कुणी लिहून घेतलेलं नव्हतं. रात्री धनगरांची ओवी सुरू झाली. एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी शेपूट धरायचं. आमच्या मंडळाची झील मला पहिल्यांदा तिथं ऐकू आली. आमच्याहून ती कितीतरी जुनी वाटली.

एकदा ते मिरजेला घेऊन गेले. मिरासाहेबांच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं. खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे, राहिले मिरजेत, १९३७ साली गेले आणि याच दर्ग्यात विसावले. ज्यांच्याकडं आमचं मंडळ तंबोरा नेऊन दुरुस्त करून आणायचं ते सतारमेकर त्या रात्री श्रोत्यांत मांडी घालून बसले होते. खरं सांगायचं तर ख्याल मला कळला नाही आणि मला पेंग आली. आप्पांनी जागं केलं नाही. परतीच्या एसटीत एवढंच म्हणाले, "येतंय हळूहळू."

यायला वेळ लागला. आलं ते केसरबाई केरकरांच्या एका ध्वनिमुद्रिकेमुळं. तीन-साडेतीन मिनिटांची भैरवी. बाई अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, आणि खाँसाहेब शाहू महाराजांचे दरबारी गवई. म्हणजे पंचगंगेकाठी वाढलेली गायकी. भैरवी मी शेकडो पहाटे मंडळात गायलेलो, म्हणून धरायला काहीतरी हाताशी होतं. मग लक्षात आलं, की आम्ही जिथं पोचून थांबतो तिथून बाई निघतात. आप्पांनी नंतर कुठल्याशा मासिकाचं कात्रण दाखवलं. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली, त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी बसवली, आणि जगभरच्या निवडक सत्तावीस संगीतरचनांत केसरबाईंची हीच भैरवी घेतली. त्याच तबकडीवर बाख आहे, आफ्रिकेतले ढोल आहेत, चक बेरीचं रॉक अँड रोल आहे. आप्पांना त्यात अंतराळाचं फारसं नवल नव्हतं. त्यांना निवड करणाऱ्याचा हेवा वाटायचा. "नव्वद मिंटाची कॅसेट भरायची म्हटली तर माझी रात्र जाती," म्हणायचे, "ह्या बाबानं अख्ख्या दुनियेची भरली."

पुढं मी फिरतीवर निघालो. पहिल्यांदा एकटाच सेलमला. भाषा येत नाही, तिथं पैंजण घडवणारे आधीच भरपूर, आणि दुकानदार वजनाकाट्यावरून मान वर करीनात. निघताना आप्पांनी पिशवीत एक कॅसेट टाकली होती, पूर्वी कधी त्याच गावातून आणलेली. वर चिठ्ठी नव्हती. लॉजवर ऐकली. मृदंग, पेटी, झांज, आणि मधेच 'विट्टल, विट्टल'. तुकोबांचा अभंग होता, तमिळ जिभेवरचा. संथ सुरुवात, मग लय चढत चढत अशी की शेवटी शब्द ओळखू येईनात.

याचा उलगडा मला पुढं वाचून झाला. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरला भोसल्यांचं राज्य बसवलं, ते १८५५पर्यंत टिकलं. त्या काळात मराठी संतांची पदं आणि कीर्तन तिकडच्या मातीत रुजलं. तिकडची हरिकथा मराठी कीर्तनाचं पुष्कळ देणं लागते, आणि नामसंकीर्तनात आजही अभंगाचं पान वेगळं वाढलं जातं. त्या दिवशी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी फक्त लॉजवाल्याला ती कॅसेट ऐकवली. त्यानं हातवारे करून शनिवारच्या भजनाचा पत्ता समजावला. गेलो, मागं बसलो. कुणीतरी हातात झांज दिली. अभंग आला तेव्हा शब्द मला येत होते आणि लय त्यांना. शेजारी बसलेले गृहस्थ चांदीचे दुकानदार निघाले. त्यांच्या दुकानाशी माझा व्यवहार अजून आहे, आता त्यांचा मुलगा बघतो.

परत येऊन आप्पांना सांगितलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "कॅसेट आणलीस न्हवं?" वही पुढं होतीच.

आप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या मुलानं कॅसेटींची ट्रंक मला दिली. पुष्कळ फितींना बुरशी आली आहे. ज्या वाजतात त्या मी रविवारी एकेक संगणकावर उतरवून घेतो आणि मंडळाच्या पोरांना मोबाईलवर पाठवतो. तिकडून पोरंही काहीबाही पाठवतात: कोक स्टुडिओ, मराठी रॅप, परवा तर कुणीतरी मंगोलियातलं घशातून निघणारं गाणं धाडलं. सगळं मला पचतं असं नाही. रॅप अजून कानावरून जातो. पण पूर्ण ऐकल्याशिवाय मी उत्तर लिहीत नाही.

गेल्या आषाढीला मंडळात तो सेलमचा अभंग त्यांच्या चालीवर बसवायला घेतला. जुन्या दोघा-तिघांनी नाकं मुरडली, त्यांचं मला वावगं वाटलं नाही. खरी अडचण पखवाजाची आहे. आमचा पखवाजवाला हाताचा तयार, पण तिसऱ्या चढाला लय अशी उडते की तो मधेच थांबतो, कणीक चाचपतो आणि पखवाजाला नावं ठेवतो. कार्तिकीपर्यंत जमेल म्हणतोय. सेलमच्या पोराला विचारलं, तर तो म्हणाला, आमच्याकडं यासाठी ढोलकी घेतात, हवी तर पुढच्या मालाबरोबर पाठवतो.