चाळीसगावचा टांगा आणि आमच्या गाडीचे ब्रेक ऑइल

आमच्या वस्तीची एक सामायिक गाडी आहे. डिझेलवर चालणारी जुनी जीप. घराघरातून वर्गणी काढून ती घेतली, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. ही गाडी दीक्षाभूमीला जाते, सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जाते, एक जानेवारीला भीमा कोरेगावला जाते. पण हे झाले वर्षातले मोजके दिवस. एरवी तिचे काम वेगळे असते. रात्री-अपरात्री कुणा लेकीबाळीला बाळंतपणासाठी दवाखान्यात न्यायचे असते. एखाद्या गावात आपल्या माणसांवर बहिष्कार पडला, कुणाला मारहाण झाली, तर अंधार पडायच्या आत तिथे पोहोचायचे असते. फिर्याद नोंदवायला पोलीस ठाण्यात एकट्या-दुकट्या बाईला पाठवायचे नसते, तिच्यासोबत चार माणसे जायची असतात. म्हणून गाडी वेळेवर निघणे आणि हवी तिथे थांबणे हा आमच्यासाठी चळवळीचा प्रश्न आहे.

त्या गाडीच्या बॉनेटखालच्या तेलापाण्याबद्दल आज लिहायचे आहे. काही वाचक म्हणतील, संविधानावर रोज घाव पडत असताना हे कुठे ब्रेक ऑइलचे घेऊन बसले? आमचेही मत असेच होते. ते औट्रम घाटात बदलले.

त्या दिवशी आम्हाला चाळीसगावला एका कार्यक्रमाला जायचे होते. आम्ही आठ जण, त्यात दोन म्हाताऱ्या आया. बॅनर, पुस्तकांचे गठ्ठे, माईक, पाण्याचे कॅन, सगळे गाडीत चढले होते. आमच्यातला एक तरुण गॅरेजवर काम करतो. दहावीनंतर त्याचे शिक्षण सुटले, हाताला पाना लागला. त्याने निघण्याआधी सवयीने बॉनेट उघडले आणि म्हणाला, "सर, ब्रेक ऑइल पार काळं पडलंय. कधी बदललंय कुणाला आठवत नाही. पुढं घाट आहे. तासभर द्या, मी बदलून देतो."

आमच्यातले एक जण शिक्षक आहेत, गाडी तेच चालवणार होते. ते म्हणाले, "अरे बाबा, तिथं लोकं वाट बघत बसतील. पातळी बरोबर आहे ना? मग झालं तर. आल्यावर बघू."

पातळी खरोखरच बरोबर होती. कुणीच पुढे काही बोलले नाही. तो पोरगाही गप्प बसला आणि मागच्या सीटवर जाऊन बसला.

कन्नड सोडून घाट उतरायला लागलो. वळणावळणावर ब्रेक, पुढे ट्रकांची रांग, पुन्हा ब्रेक. अर्ध्या उतारावर सरांनी पाय दाबला आणि पेडल लोण्यात बोट घुसावे तसे खाली गेले. गाडी काही थांबेना. मागून त्या पोराचा आवाज आला, "सर, पेडल पटापट मारा! गिअर खाली घ्या, सेकंडला! हँडब्रेक एकदम ओढू नका, हळूहळू!" इंजिन ओरडले, गाडीला हिसके बसले आणि शेवटी ती डोंगराच्या बाजूला चारीत चाक घालून थांबली. दुसऱ्या बाजूला दरी होती. एक आई खाली उतरून दगडावर बसली. तिने फक्त पाणी मागितले. बराच वेळ तिच्या हातातला पेला हलत होता.

तासाभराने पेडल पुन्हा कडक झाले. मग तोच पोरगा चालवायला बसला, पहिल्या गिअरमध्ये रांगत गाडी खाली आणली आणि चाळीसगावात पोहोचल्यावर आधी ब्रेक ऑइल बदलून घेतले.

नेमके काय झाले होते, ते त्याने आम्हाला रस्त्यात समजावून सांगितले. आपण त्याला ऑइल म्हणतो, पण ते इंजिन ऑइलसारखे तेल नाही. तो वेगळाच द्रव आहे. डब्यावर डॉट ३, डॉट ४ असे लिहिलेले असते आणि गाडीच्या कंपनीने जे सांगितले तेच घालायचे असते. हा द्रव हवेतली ओल शोषून घेतो. जितका जुना, तितके त्यात पाणी जास्त, आणि तितका तो लवकर उकळतो. घाटात ब्रेक सतत दाबला की चाकाजवळची उष्णता त्याच्यापर्यंत जाते. तो उकळला की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही. थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा पाणी होते आणि ब्रेक लागतो, त्यामुळे माणूस फसतो. म्हणजे नुसती पातळी बघून भागत नाही, वय बघावे लागते. साधारण दोन वर्षांत तो बदलायचाच.

आता त्या दिवशीची खरी गोष्ट. चाळीसगावात आम्हाला ज्या विषयावर बोलायचे होते, तो विषय होता बाबासाहेबांचा १९२९ सालचा अपघात.

वाचकांना तो प्रसंग माहीत आहे. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सदस्य होते. त्या निमित्ताने ते खानदेशात आले होते. चाळीसगावच्या आपल्या लोकांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनवर टांगे भरपूर होते. पण महाराला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. बॅरिस्टर झालेला आपला नेता पायी चालत महारवाड्यात यावा, हे लोकांना पटेना. शेवटी एक टांगेवाला टांगा द्यायला तयार झाला, पण हाकायला नाही. मग आपल्यातलाच एक जण लगाम धरून बसला. त्याने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या फरशीवर चाक दगडावर आदळले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला आणि घोडा टांग्यासकट नदीत पडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हे स्वतः लिहिले आहे. त्यातच १९०१ सालचा प्रसंग आहे. मसूर स्टेशनवर उतरलेल्या लहानग्या भीमरावाला आणि सोबतच्या मुलांना गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनीच बैलगाडी हाकावी आणि गाडीवानाने सोबत चालावे, असे ठरले.

या प्रसंगातून आपण नेहमी एक अर्थ काढतो, आणि तो बरोबरच आहे. जात माणसाला भाड्याच्या गाडीतही बसू देत नाही, आणि बॅरिस्टरसमोरही टांगेवाल्याचा जातीचा ताठा उतरत नाही. पण आम्ही त्या घाटातून वाचून आलो होतो, म्हणून आम्हाला त्या दिवशी दुसरा अर्थही दिसला. सन्मान जपायचा असेल तर लगाम धरायचे ज्ञानही आपल्या हातात असावे लागते. चाळीसगावच्या त्या माणसांना आम्ही दोष देत नाही. जातीने त्यांच्यासाठी सगळे रस्ते बंद केले होते, त्यांच्याकडे पर्यायच नव्हता. आमच्याकडे होता. जाणता माणूस आमच्याच गाडीत बसला होता, त्याने आधी सांगितलेही होते. आम्ही ऐकले नाही.

का ऐकले नाही? उशीर होत होता हे खरे. पण तेवढेच खरे नाही. तेच वाक्य एखाद्या इंजिनिअर साहेबाने म्हटले असते तर आम्ही ऐकले असते. तो काळ्या हातांचा, दहावीवर थांबलेला, गॅरेजवरचा पोरगा. आम्ही पदव्या घेतलेले, भाषणे करणारे. जात म्हणजे नुसती कामाची विभागणी नाही, ती काम करणाऱ्यांची उतरंड आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिसंस्थेचे निर्मूलन'मध्ये मांडले. आम्ही ते व्यासपीठावरून शंभरदा सांगितले असेल. आणि बोलणारा वर, पाना फिरवणारा खाली, ही उतरंड आमच्याच जीपमध्ये बसवून आम्ही घाट उतरत होतो. ब्राह्मणी व्यवस्था फक्त समोरच्याच्या डोक्यात असते, हा आपला गैरसमज आहे.

त्यानंतर आम्ही ठरवले की गाडीचे तेलपाणी बघायला सगळ्यांनी शिकायचे, आणि शिकवायचे त्यानेच. दर रविवारी सकाळी वंदनेनंतर बॉनेट उघडते. महिला मंडळातल्या ताया येतात, कॉलेजची पोरे येतात. सरही येतात, आणि प्रश्न विचारतात. एक वही केली आहे. तारीख, किलोमीटर, काय पाहिले, काय घातले, कुणी पाहिले, हे सगळे तिच्यात लिहिले जाते.

इंजिन ऑइल बघताना गाडी सपाट जागेवर हवी आणि इंजिन बंद करून काही मिनिटे थांबायचे, म्हणजे वरचे तेल खाली उतरते. पट्टी ओढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालून मग ओढायची. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. जास्त घातले म्हणजे चांगले, असे नसते, तेही इंजिनला बाधते. डिझेल गाडीचे तेल लवकर काळे होते, त्याने घाबरायचे नाही, किलोमीटर बघून बदलायचे. पण ते दुधाळ, कॉफीसारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले असण्याची शक्यता मोठी. मग गाडी काढायचीच नाही.

रेडिएटरचे झाकण इंजिन गरम असताना कधीही उघडायचे नाही. आत दाब असतो, उकळते पाणी तोंडावर येते. बाटलीवरची खूण बघायची. आम्ही पूर्वी बोअरचे पाणी ओतायचो. मराठवाड्यातले बोअरचे पाणी किती जड असते, ते घरातल्या हंड्याला विचारा. तोच पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि गाडी तापते. आता डब्यावर लिहिल्याप्रमाणे कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर. कूलंट चवीला गोड पण विषारी असते, म्हणून सांडलेले लगेच धुवायचे, डबा पोरांच्या आणि कुत्र्यांच्या तोंडापासून लांब ठेवायचा. बॅटरीतही डिस्टिल्ड वॉटरच, पट्ट्या बुडतील इतके. ब्रेक ऑइलची पातळी पॅड झिजतील तशी हळूहळू उतरते. एकदम उतरली तर कुठेतरी गळती आहे. नुसते वरून भरून निघायचे नाही. शेवटी वायपरचे पाणी, टायरची हवा, स्टेपनी. सगळे मिळून पंधरा-वीस मिनिटे लागतात.

दसऱ्याला गावातल्या गाड्यांना झेंडूचे हार पडतात, हळदकुंकू लागते, चाकाखाली लिंबू चिरडले जाते. आपण १४ ऑक्टोबर १९५६ ची आठवण घेऊन नागपूरला निघतो. पण प्रामाणिकपणे सांगायचे तर आमच्या गाडीला लिंबू-मिरची नव्हती इतकेच. हार पंचशील ध्वजाचा होता, काचेवर बाबासाहेबांचा फोटो होता, आणि ब्रेक ऑइल तेवढेच काळे होते. लिंबू काढून त्या जागी फोटो लावला म्हणजे विवेक आला, असे होत नाही. बाबासाहेबांचा फोटो गाडी थांबवणार नाही, आणि त्यांनी कधी तसे सांगितलेही नव्हते. धम्मवंदनेत आपण 'एहिपस्सिको' म्हणतो, म्हणजे या आणि स्वतः पाहा. ते म्हणणारा माणूस पट्टी न ओढता गाडी काढत असेल, तर त्याने वंदना फक्त पाठ केली आहे.

आणखी एक. बदललेले काळे तेल आम्ही पूर्वी नालीत ओतायचो. सगळेच ओततात. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेले तेल हा घातक कचरा आहे, हे आम्हाला माहीत नव्हते. पण नियम बाजूला ठेवा. ती नाली पुढे कुठे जाते? तिच्यात उतरतो कोण? सुरक्षा साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी आजही माणसे उतरवली जातात आणि ती कुठल्या जातींची असतात हे सांगायला नको. आपली गाडी आपल्याच भावाच्या अंगावर ते तेल ओतत होती. आता ते कॅनमध्ये साठवतो आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे देतो.

मागच्या महिन्यात रात्री एका गावातून फोन आला. गाडी काढायची होती, गॅरेजवरचा तो पोरगा बाहेरगावी होता. महिला मंडळातल्या एका ताईंनी मोबाईलच्या उजेडात पट्टी ओढली, ब्रेक ऑइलची पातळी पाहिली, वहीत बदलल्याची तारीख तपासली, सही केली आणि म्हणाल्या, "निघा." कुणी 'आल्यावर बघू' म्हटले नाही.

आपल्या वस्तीत, संघटनेत, विहारात अशी गाडी असेल तर या रविवारी तिचे बॉनेट उघडा. आणि ती उघडणाऱ्या काळ्या हाताचे आधी ऐका.

जय भीम!