वाट आणि पाणी

श्रीवर्धन तालुक्यातले आमचे गाव खाली, वहाळाच्या काठी वसले आहे. वाडी वर, डोंगराच्या खांद्यावर आहे. खाली मोहल्ला, मस्जिद, शाळा, दुकाने. वर कुणब्यांची तीसेक घरे. या दोहोंमध्ये पाऊण तासाची पायवाट आहे. ती कुणी पाडली याची नोंद कुठल्याही दप्तरात नाही. आमच्या आज्या या वाटेने सुकट-बोंबील घेऊन वर जात आणि येताना नाचणी, काकड्या, सरपण घेऊन उतरत. वाडीतली मुले याच वाटेने शाळेत आली. मोहल्ल्यात लग्न असले की पत्रावळींसाठी पाने वरून याच वाटेने येत.

मग डांबरी रस्ता झाला. नऊ किलोमीटरचा वळसा घालून तो वर गेला. आधी सहा आसनी रिक्षा आल्या, मागोमाग मोटारसायकली. वाटेवर पाय पडेनासे झाले आणि करवंदीच्या जाळ्यांनी दोन्ही बाजूंनी हात पुढे केले. पाच-सात वर्षांत ती बुजली असती. तिला पुन्हा माणसे मिळाली ती सायकलीमुळे.

आमच्यातला एक जण पुण्याला नोकरीला होता. तो सुटीत जाड टायरची, गिअरची सायकल घेऊन आला आणि वाडीच्या वाटेने खाली उतरला. दुसऱ्याने दोह्याहून येताना खोक्यात बंद करून एक सायकल आणली. पाहता पाहता सात सायकली झाल्या. चार मोहल्ल्यातल्या, तीन वाडीतल्या. आम्ही म्हणजे ही सात माणसे. यात एक रिक्षावाला आहे, एक शिक्षक आहे, दोघे कॉलेजात आहेत, एकाची सुपारीची बाग आहे आणि दोघे आखातातून कायमचे परतलेले. मंडळाला नाव नाही, पावतीपुस्तक नाही. तीन फावडी, दोन टिकाव, एक पहार, कोयते आणि घमेली, एवढीच आमची मालमत्ता.

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचा तो वारा ज्यांनी ऐकला त्यांना त्याचे वर्णन सांगायची गरज नाही. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या त्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. कौले, पत्रे, विजेचे खांब, काही राहिले नाही. टाळेबंदीचे दिवस होते. अनेक आठवडे वीज नव्हती.

डांबरी रस्ता मोकळा करायला यंत्रे आली. वाट मोकळी करायला कुणी येणार नव्हते. तिच्यावर आंबा, किंजळ, ऐन, काजू अशी लहानमोठी एकेचाळीस झाडे पडली होती. आम्ही मोजली, कारण मोजल्याशिवाय कामाचा अंदाज येत नाही. त्या आठवड्यात मोहल्ल्यातून आणि वाडीतून मिळून पन्नासावर माणसे आली. तोंडाला रुमाल बांधून, अंतर राखून कामे झाली. आधी फांद्या छाटायच्या, मग खोड कुठे ताणलेले आहे ते पाहायचे. वाकून दाबलेल्या खोडावर चुकीच्या बाजूने करवत चालवली तर ते उसळते आणि माणूस जायबंदी होतो. ही समज वाडीतल्या लाकूडतोड्यांना होती. ते सांगतील तिथेच करवत चालली. एक शिस्त पहिल्या दिवसापासून पाळली. झाड ज्याच्या जमिनीतले, लाकूड त्याचे. त्याला विचारल्याशिवाय एक ओंडकाही हलवला नाही. वाट सर्वांची असली तरी तिच्या दोन्ही बाजूंचे गडगे कुणाचे तरी आहेत, हे विसरले की भांडणे होतात आणि भांडणात वाट बंद पडते.

सहा दिवसांत वाट मोकळी झाली. सर्वांना वाटले, काम संपले. खरे काम त्यानंतर सुरू झाले, कारण मृगाचा पाऊस दारात उभा होता.

वादळ येते ते गाजावाजा करून. त्याने केलेले नुकसान दिसते, त्याचे फोटो निघतात, पंचनामे होतात. पाऊस गाजावाजा करीत नाही. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एवढे पाणी डोंगरावरून खाली येणारच. प्रश्न एवढाच की ते वाट ओलांडून जाते की वाट धरून जाते. ओलांडून गेले तर वाट शाबूत राहते. वाट धरून धावले तर श्रावण येईतो वाटेची घळ होते. मुळे उघडी पडतात, दगड सुटतात, मग चालणारा माणूस बाजूने नवी पाऊलवाट काढतो, पाणी तीही धरते आणि बघता बघता अख्खा उतार उकरला जातो.

वाडीतले एक वृद्ध शेतकरी आहेत. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. पहिल्या पावसाळ्यात आम्ही फावडी घेऊन निघालो तेव्हा ते म्हणाले, "फावडी ठेवा. छत्र्या घ्या." भर पावसात त्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत चालवले. पाणी कुठे वाटेत शिरते आणि कुठे बाहेर पडू पाहते, तिथे तिथे काठीने खुणा केल्या. बहुतेक ठिकाणी अडथळा एकच होता. चालून चालून वाटेचा मध्य खोल जातो आणि दरीकडच्या कडेला मातीची लहानशी वरंबी उठते. चार बोटे उंचीचीच असते, पण पाण्याला बाहेर जाऊ देत नाही. ती फावड्याने कापली की पाणी तिथल्या तिथे उतारावर पसरते. आमचे निम्मे काम म्हणजे ही वरंबी कापणे. त्यात पाहण्यासारखे काही नाही.

पुण्याच्या मित्राने माउंटन बाइकच्या वाटांविषयीचे लेखन मिळवून वाचले, तेव्हा आम्हाला गंमत वाटली. नाना जे काठीने दाखवीत होते तेच तिथे आकृत्या काढून सांगितले होते. वाटेची बाहेरची बाजू आतल्या बाजूपेक्षा किंचित खाली असावी. मीटरभर रुंदीला पाच सेंटिमीटर पुरे. वाटेचा उतार डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून अधिक नसावा. उतरत्या वाटेत मधून मधून चार पावलांचा चढ ठेवावा, म्हणजे पाण्याला तिथे थांबून बाहेर पडावेच लागते. अरुंद आडवे चर खणू नयेत, ते एका पावसात गाळाने भरतात. चर पसरट आणि उथळ असावा, म्हणजे चाक आणि पाऊल दोन्ही त्यावरून सहज जातात. जिथे चिखल हटतच नाही तिथे सपाट चिरे पुरून फरशी करावी.

या खेळाचा इतिहासही आम्हाला जवळचा वाटला. कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात, माउंट टॅमलपायसच्या उतारांवर १९७०च्या दशकात काही तरुणांनी जुन्या जाडजूड सायकली डोंगरावरून पळवल्या आणि माउंटन बाइक जन्माला आली. पुढे चालणाऱ्यांच्या आणि घोडेस्वारांच्या तक्रारी आल्या. सायकलींनी वाटा खराब होतात, माणसे दचकतात, असे म्हणून कित्येक वाटा त्यांना बंद झाल्या. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सायकल मंडळांनी मिळून इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन स्थापन केली. नुसत्या हक्काच्या मागणीवर ते थांबले नाहीत. फावडी घेऊन वाटा दुरुस्त करायला गेले, सभासदांना नियम घालून दिले आणि २००४ मध्ये वाटा बांधण्याच्या शास्त्रावर सविस्तर पुस्तकही काढले. परक्या जागेत आपले स्थान कसे मिळवावे, या प्रश्नाशी आपल्या समाजाचीही जुनी ओळख आहे. म्हणून हे उदाहरण आम्हाला नुसते खेळाचे वाटत नाही.

त्यांचा एक नियम आम्ही जसाच्या तसा घेतला. माती ओली असताना सायकल घालायची नाही. चाकाची एकच रेघ उमटते, पण पुढच्या सरीला पाण्याला तेवढी रेघ पुरते. त्यामुळे आषाढ-श्रावणात आमच्या सायकली पडवीत असतात आणि आम्ही वाटेवर पायी असतो. शहरातून काही मुले चिखलात सायकल उडवण्याचे चित्रण करायला ऑगस्टमध्ये येतात. त्यांना आम्ही अडवत नाही, चहाला बसवतो आणि फावडे दाखवतो. काही जण तोंड वाकडे करून जातात. दोघे मात्र आता दरवर्षी येतात, सायकलीशिवाय.

सगळे असे गोडीगुलाबीने झाले, असे नाही. ग्रामसभेत वाट सिमेंटची करण्याचा विषय निघाला तेव्हा आम्ही विरोध केला. सिमेंटवर शेवाळ धरते, पाणी कडेने खाली कापत जाते, असे आमचे म्हणणे होते. त्यावर वाडीतल्या एक वहिनी उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "तुम्हाला वाट खेळायला हवी हाय. आम्हाला दवाखान्यात जायला हवी." सभा गप्प झाली. त्यांचे बोलणे खरे होते आणि पाण्याविषयीचे आमचे म्हणणेही खरे होते. शेवटी वाडीलगतच्या खड्या चढावर चिऱ्यांची पाखाडी झाली, तिच्या बाजूने पाण्याला मोरी ठेवली आणि एका कडेला हाताला धरायला लोखंडी नळी बसवली. सायकल आम्ही तिथे खांद्यावर घेतो. डांबरी रस्त्याच्या दुरुस्तीसाठी वाडीने केलेल्या अर्जावरही आमच्या सातही जणांच्या सह्या आहेत.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यालगत गेले आणि त्याच वर्षी २२ जुलैला महाडमध्ये पूर आला, तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या आठवड्यात आमच्या डांबरी रस्त्यावरही वळणाशी माती आली आणि चार दिवस वाडीला गाडी गेली नाही. ते चार दिवस वाट होती. दूध खाली आले, साखरेच्या आजाराची इंजेक्शने वर गेली. ज्या वहिनी ग्रामसभेत बोलल्या होत्या त्यांच्या सासूबाईंना खुर्चीला बांबू बांधून खाली आणले. खांदा बदलायला आठ माणसे होती, मोहल्ल्यातली आणि वाडीतली. पाऊस कोसळत होता, पण वाटेवर पाणी साचले नव्हते. वरंबी कापलेल्या जागी ते बाहेर पडत होते. एकही पाय घसरला नाही.

जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली. त्या वाडीला गाडीरस्ता नव्हता. मदतीला गेलेली माणसे चिखलातून पायवाटेनेच चढली. वाट दरड थांबवू शकत नाही, हे आम्ही जाणतो. मदत किती वेळात पोहोचते, एवढे मात्र पुष्कळदा वाटेवर असते.

वादळानंतर पन्नास माणसे येतात. दुसऱ्या वर्षी पंधरा, तिसऱ्या वर्षी आम्ही सात. यात कुणाला दोष द्यावा असे नाही. म्हणून आम्ही कामाचे दिवस ठरवून टाकले. आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, चर उपसणे. पहिल्या मोठ्या सरीनंतर छत्र्या घेऊन चालणे. गणपतीच्या आधीच्या रविवारी रान काढणे, कारण वाडीतले चाकरमानी मुंबईहून येतात. पाऊस सरल्यावर साकवाचे वासे तपासणे. गणपतीच्या आधी मोहल्ल्यातून माणसे जास्त येतात आणि मोहल्ल्यात मोठे लग्न असले की वाडीतून. हे कुणी ठरवले नाही.

वाटेतली इजा देणारी वस्तू दूर करणे ही ईमानची सर्वांत लहान शाखा आहे, असे हदीसमध्ये आले आहे. मोहल्ल्यातले एक बुजुर्ग चाचा आमच्यासाठी चहाची किटली घेऊन येतात. एकदा ते म्हणाले, "सर्वांत लहान म्हटलंय, ते बरं झालं. लहान आहे म्हणून रोज करता येतं." वरंबी कापताना हे शब्द आठवतात.

वाचकांपैकी अनेकांच्या गावात अशी एखादी वाट असेल. कब्रस्तानची, विहिरीची, शेजारच्या वाडीची. येत्या पावसात तिच्यावरून एकदा चालून यावे. पहिल्या दिवशी फावडे नेऊ नये, छत्री न्यावी. पाणी कुठे अडते ते पाहावे आणि तिथे काठीने खूण करून ठेवावी.