वरातीमागचं घोडं

वरातीमागून घोडं आलं की सगळे हसतात, पण त्याला उशीर का झाला हे कुणी विचारत नाही. नाल निघाला असेल. मोतद्दाराला विसार मिळाला नसेल, म्हणून तो अडून बसला असेल. आणि नवरदेवाचं काय? तो पायीच निघाला, की कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून? म्हण याबद्दल अवाक्षर काढत नाही. वरात गेली, एवढंच ती सांगते. म्हणजे घोड्यावाचून तिचं काही अडलं नाही. मला खुपतं ते नेमकं हेच. अंगावर झूल, कपाळावर तुरा, अशा थाटात रिकाम्या पाठीनं रस्त्यातून जाणाऱ्या त्या जनावराला माघारी फिरायची मुभा होतीच की. तरी ते वाजंत्रीच्या आवाजामागे चालत राहिलं. मोतद्दार ओढत होता म्हणून? की एकदा सजल्यावर कुठेतरी पोचावंच लागतं म्हणून?

घोडं वरातीच्या पुढे निघून गेलं तर काय म्हणायचं, त्याला मात्र आपल्याकडे म्हण नाही. मी बहुतेक वेळ पुढेच असायचो.

ऑस्ट्रेलियातल्या आयर हायवेवर, सायकलनं निघालेल्या भाचीसाठी मदतीची गाडी चालवताना, असल्या विचारांना वेळ मुबलक मिळतो. पश्चिमेच्या नॉर्समनपासून सेडूनापर्यंत सुमारे १,२०० किलोमीटर, आणि सेडूना जवळ येईपर्यंत गाव म्हणावं असं जवळपास काही नाही. पेट्रोल, बटाट्याच्या चिप्स आणि रात्रीची खोली देणारी रोडहाउसं आहेत, तीही कुठे ६५ किलोमीटरवर तर कुठे १८० च्या पुढे. बॅलडोनिया आणि कायगुना यांच्यामध्ये तर रस्ता १४६.६ किलोमीटर वळतच नाही. सपाट रस्ता सोपा, असं सायकल न चालवणाऱ्यांना वाटतं. उतार नाही म्हणजे पाय थांबवायला निमित्त नाही, हे भाचीनं मला समजावलं. वारा सहसा पश्चिमेचा, म्हणून तिनं पूर्वेकडे जायचं ठरवलं होतं. वाऱ्याला ते ठाऊक नव्हतं.

माझं काम साधं. गाडी तीसेक किलोमीटर पुढे न्यायची, खडीवर उतरवायची, घडीची खुर्ची मांडायची, बाटल्यांत पाणी आणि क्षार भरून वाट बघायची. रेडिओ चाळीस नंबरच्या चॅनेलवर लावून ठेवायचा, कारण तिथले ट्रकवाले त्याच चॅनेलवर बोलतात. तीस-पस्तीस मीटर लांबीच्या रोड ट्रेन येतात. त्यांना आधी सांगावं लागतं की मागे एक सायकल आहे, जरा बाजूनं घ्या. ते सांगतात बरं, आणि पुढच्याला कळवतात.

त्यांचेच टायर फुटून चिंध्या रस्त्याकडेला पडतात. त्या चिंध्यांतल्या केसासारख्या पोलादी तारा सायकलच्या टायरात शिरतात. ट्यूब फुटत नाही, हळूहळू बसते. मग टायर उलटा करून आतून बोट फिरवत जायचं. तार दिसत नाही, बोटात घुसते तेव्हाच सापडते. ती भाचीच्या भुवया कोरायच्या चिमट्यानं ओढून काढायची. एवढ्यात डोळ्यांच्या कोपऱ्यांत माश्या बसलेल्या असतात आणि हात मोकळा नसतो.

मुंद्राबिलाच्या अलीकडे ती म्हणाली, ‘मामा, तू दिसलास ना की माझे पाय दुखायला लागतात.’ पाणी प्यायली आणि गेली.

नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी रॅम शर्यत पुरी केली. त्या शर्यतीत रात्री मदतीची गाडी मागे असावीच लागते, तसा नियमच आहे. उलट पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये पर्थहून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली आणि बरंचसं अंतर तिनं एकटीनं कापलं. दोन्ही मला पटतं, पण भाचीचं वाक्य दोन्हीत बसत नाही.

ज्या आयरचं नाव रस्त्याला आहे, त्यानं १८४१ मध्ये हा किनारा पश्चिमेकडे चालत ओलांडला. मुकादम बॅक्स्टर आणि तीन आदिवासी तरुण बरोबर होते. दोघांनी एका रात्री बॅक्स्टरला मारलं, बंदुका आणि शिधा घेतला आणि निघाले. खाली सलग खडक होता, खड्डा खणता येईना. आयरनं प्रेत घोंगडीत गुंडाळून तिथेच सोडलं. तिसरा, वायली, आयरबरोबर राहिला. नंतर ते दोघे दुरून वायलीला हाका मारत होते, तो गेला नाही. पुढे आयर आणि वायलीनं दव टिपून आणि वाळूत खणून पाणी मिळवलं. एस्परन्सजवळ ‘मिसिसिपी’ नावाचं फ्रेंच व्हेलजहाज भेटलं म्हणून जीव तगला.

वायली एकनिष्ठ राहिला, असं पुस्तकांत येतं. पण त्याचं घर ऑल्बनीकडे, आयर चालला होता तिकडेच. तो आयरला नेत होता, की स्वतःच्या घरी चालला होता आणि आयर वाटेत बरोबर होता? ही सगळी हकीकत आयरच्या वहीतली. वायलीनं स्वतः काही लिहून ठेवलेलं नाही. आयरला लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं, वायलीला सरकारकडून आठवड्याचा शिधा. हाच आयर पुढे जमैकाचा गव्हर्नर झाला आणि १८६५ मध्ये तिथला उठाव त्यानं शेकडो माणसं मारून मोडला. अशा माणसाला वायलीनं मरू दिलं असतं तर, असा विचार गाडीत बसून मनात येतो आणि मग लाज वाटते. तहानलेल्याला पाणी देताना त्याची पुढची पंचवीस वर्षं कोण बघतं?

१८९६ मध्ये आर्थर रिचर्डसननं हाच प्रदेश सायकलवरून एकट्यानं पार केला, असं अभिमानानं सांगतात. तो तारायंत्राच्या तारेच्या कडेनं गेला आणि वाटेत यूक्लासारखी तारऑफिसं होती. तिथे कुणीतरी त्याला चहा पाजला असणार. पाजला नसेल, तर मला त्या कुणाचं आश्चर्य वाटेल.

बॉर्डर व्हिलेजच्या पुढे मी गाडी तिच्या मागे घेतली, दिसू नये इतकी लांब. त्यानं पायांना बरं वाटलं का, हे विचारायचा धीर झाला नाही. तिनंही आपणहून सांगितलं नाही. वारा तोपर्यंत फिरला होता, त्यामुळे वेग वाढला तो नक्की कशानं, हेही कळायला मार्ग नव्हता.

परतल्यावर तिच्या सायकल मंडळाचा फॉर्म आला. त्यात एक रकाना होता: प्रवास मदतीसह की मदतीविना. तिनं ‘मदतीसह’वर खूण केली आणि खाली माझं नाव घातलं. मग पेन तसंच धरून म्हणाली, ‘आणि ते चाळीस नंबरवाले?’ फॉर्मात जागा एकाच नावाची होती. मी म्हटलं, माझं खोड आणि त्यांचं लिही. त्यांची नावं तिला माहीत नव्हती, मलाही नव्हती.