काळ्या गोट्यांचा किनारा

ग्रीस देशाच्या पूर्वेस, एजियन समुद्रात, खिओस नावाचे बेट आहे. तुर्कस्तानचा किनारा तेथून इतका जवळ, की स्वच्छ हवेच्या दिवशी पलीकडचे डोंगर नुसत्या डोळ्यांना दिसतात. महाकवी होमर आमच्याच बेटावर जन्मला, असे येथील लोक अभिमानाने सांगत आले आहेत. बेटाच्या दक्षिण भागात मस्तकीची बुटकी झाडे आहेत. त्यांच्या खोडांवर बारीक चिरा पाडल्या, म्हणजे आतून डिंक पाझरतो आणि वाळल्यावर स्फटिकाच्या थेंबांसारखा दिसू लागतो. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानांत ‘रुमी मस्तकी’ या नावाने मिळणारा डिंक तो हाच.

एका उन्हाळ्यात बारा वर्षांचा एक मुलगा आपल्या आजोबांबरोबर या बेटावर आला. आजोबांचा जन्म येथलाच. अठराव्या वर्षी बेट सोडून ते जहाजावर खलाशी झाले आणि पुढे अथेन्सला स्थायिक झाले. नातवाने बेटाच्या गोष्टी पुष्कळ ऐकल्या होत्या. पण बेट पाहिले नव्हते.

शहरातून दक्षिणेकडे जाताना वाटेत पिर्गी गाव लागले. तेथील घरांच्या भिंतींवर काळ्या-पांढऱ्या चौकटी, त्रिकोण आणि वर्तुळे यांची नक्षी पाहून मुलगा थक्क झाला. काळसर गिलाव्यावर पांढरा चुना चढवायचा आणि तो ठिकठिकाणी खरवडून खालचा काळा रंग उघडा करायचा, अशी ही कला आहे. पिर्गीच्या पुढे मस्तकीच्या बागांतून रस्ता खाली उतरत गेला आणि एम्पोरिओसच्या लहानशा बंदराशी येऊन थांबला. तेथून थोडे चालून जाताच तो किनारा दिसला.

त्याला पुळण म्हणावे, तर वाळू कोठेच दिसत नव्हती. नजर जाईल तेथवर काळेभोर, गुळगुळीत गोटे पसरलेले! कोणी सुपारीएवढे, कोणी लिंबाएवढे, कोणी मुठीत न मावणारे. त्यांच्या कडेला निळेशार पाणी होते. छत्र्या नाहीत, खुर्च्या नाहीत, खाद्यपदार्थांची दुकाने नाहीत. या किनाऱ्याचे नाव ‘माव्रा व्होलिया’, म्हणजेच काळे गोटे.

मुलाने घाईघाईने पायांतील वहाणा काढल्या आणि दुसऱ्याच क्षणी तो ओरडत उड्या मारू लागला. काळा रंग ऊन शोषून घेतो, हे त्याने पुस्तकात वाचले होते. आज ते त्याच्या तळपायांना समजले. आजोबा हसून म्हणाले, “पाण्याकडे पळ!” पाण्यात शिरताच दोन-चार पावलांत तळ खोल गेला. परंतु पाणी इतके निर्मळ, की पोहताना खालचा एकेक गोटा वेगळा दिसावा.

पोहून झाल्यावर दोघे पाण्याच्या काठाशी ओल्या गोट्यांवर बसले. लाट आली, की नुसता मंद घोष होई. ती परतू लागली, की असंख्य गोटे एकमेकांवर घरंगळत आणि टाळ्यांचा कडकडाट व्हावा तसा आवाज उठे. मग क्षणभर शांतता. की पुन्हा लाट.

“आजोबा, हे गोटे आले कोठून?” मुलाने विचारले.

“येथे जवळच फार प्राचीन काळी एक ज्वालामुखी होता,” आजोबा म्हणाले. “त्याच्या पोटातून आलेला तप्त रस थंड होऊन हा खडक झाला. समुद्राने तो फोडला आणि त्याचे तुकडे एकमेकांवर घासून घासून असे गुळगुळीत केले. माणसांनी येथे वस्ती केली, तीही हजारो वर्षांपूर्वी. 1952 ते 1955 या काळात शास्त्रज्ञांनी येथे उत्खनन करून त्या जुन्या वस्त्यांचे अवशेष उजेडात आणले. पण त्या वस्त्यांपेक्षाही हे गोटे कितीतरी जुने आहेत.”

आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणही असाच पृथ्वीच्या पोटातील रसातून जन्मला आहे. एवढ्या दूरच्या बेटाचे आणि आपल्या डोंगरांचे असेही एक नाते आहे.

मुलाने अंड्याच्या आकाराचा एक गोटा निवडला. पाण्यात तो आरशासारखा चमकत होता. त्याने तो हळूच खिशात टाकला. आजोबांनी ते पाहिले. पण ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने मुलाने गोटा बाहेर काढला, तेव्हा त्याची चमक नाहीशी झाली होती. तो आता वाळून राखाडी दिसत होता.

“वर फलक आहे, तो वाचलास ना?” आजोबांनी शांतपणे विचारले.

मुलाची मान खाली गेली. येथून गोटे नेण्यास मनाई आहे, हे त्याने येतानाच वाचले होते. “पण आजोबा, येथे तर लक्षावधी गोटे आहेत. एकाने काय होणार?”

“मीही अठराव्या वर्षी हेच म्हणालो होतो,” असे म्हणून आजोबांनी आपल्या पिशवीतून रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढली. तोही एक काळा गोटाच होता. “बेट सोडण्याच्या आदल्या दिवशी मी हा येथून उचलला. जहाजावर घराची फार आठवण आली, म्हणजे मी याच्यावर घोटभर पाणी ओतीत असे. मग हा काळा होई आणि मला हा किनारा दिसे. पाणी वाळले, की तो पुन्हा राखाडी. पुष्कळ वर्षांनी माझ्या ध्यानात आले, की मी गोटा तेवढा आणला. त्याचा समुद्र आणला नाही. तो ज्वालामुखी केव्हाच शांत झाला. नवा खडक व्हायचा नाही. येणाऱ्या प्रत्येकाने एकेक नेला, तर तुझ्या नातवाने येथे काय पाहावे?”

मुलगा काही वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, “तो परत ठेवताना तुम्हांला वाईट नाही वाटणार?”

“वाटेल तर,” आजोबा म्हणाले. “म्हणूनच तर तुला बरोबर आणले.”

दोघेही उठून पाण्याच्या कडेला गेले. मुलाने आपला गोटा अलगद खाली ठेवला. आजोबांनी आपला गोटा क्षणभर तळहातावर धरला आणि मग त्याच्या शेजारी ठेवला. एक लाट आली, फेसाळली आणि मागे फिरली. तो टाळ्यांचा कडकडाट पुन्हा उठला. मुलाने वाकून पाहिले. पाण्याखाली सारेच गोटे सारखे काळे आणि सारखे तेजस्वी दिसत होते. त्यांतला आपला कोणता आणि आजोबांचा कोणता, हे त्याला आता ओळखता येईना.