सोळावा चौकोन



सासूबाईंना यंदा 80 वं वर्ष लागलं. त्यांना साडी नको, दागिना नको. "कपाटातलं कमी करायचं वय आहे माझं," म्हणतात. म्हणून चातुर्मासाच्या सुरुवातीला ठरवलं, त्यांच्याच जुन्या सुती साड्यांची वाकळ शिवायची आणि वर घरातले फोटो लावायचे. आमच्या कोल्हापूरकडं गोधडीला वाकळच म्हणतात.

पांढरं सुती कापड आधी धुऊन खळ काढली, नाहीतर ते नंतर आटतं आणि फोटो सुरकुततो. अल्बममधले 16 फोटो निवडून 6 इंची छापून घेतले. चहूबाजूंनी दीड इंच कापड मोकळं ठेवलं. छापलेल्या कापडाला इस्त्री उलट्या बाजूनंच करायची आणि चेहऱ्यावरून सुई न्यायची नाही, कारण भोक पडलं की दिसत राहतं. दोरे फोटोच्या कडेनं आणि मधल्या पट्ट्यांवर घातले. रेशमी साड्या मात्र बाजूला ठेवल्या. रेशमासाठी कोशातला जीव उकळत्या पाण्यात जातो, हे माहीत असताना हात धजला नाही.

एका फोटोवर अडले. सासूबाई आणि मामंजी कुंभोजला बाहुबलींच्या 28 फुटी मूर्तीसमोर उभे आहेत. फोटो फार छान, पण वाकळ पायावर येणार, कधी जमिनीवर पडणार. भगवंतांचा असा अविनय नको. तो फोटो फ्रेम करून भिंतीवर लावला आणि त्याजागी माझा लग्नातला एकटीचा घेतला.

चौकोन जोडण्याआधी सगळे कॉटवर मांडून सासूबाईंना दाखवले. त्यांची नजर आता कमी झालीय. एकेक जवळ धरून बघितला. शेवटी म्हणाल्या, "सगळे आहेत गं. वन्सं कुठं आहेत?"

वन्सं म्हणजे आमच्या आक्का, मामंजींच्या थोरल्या बहीण. कमी वयात विधवा होऊन माहेरी आल्या आणि आयुष्यभर या घरासाठी राबल्या. माझ्या मुलाचं न्हाऊमाखू त्यांनीच केलं. आजारी माणसाच्या उशाशी त्याच. सूर्यास्ताच्या आत सगळ्यांची जेवणं उरकायची आणि मगच स्वतःचं पान घ्यायचं. पण लग्न असो, डोहाळजेवण असो, फोटोची वेळ आली की त्या स्वयंपाकघरात जायच्या. त्यांना कुणी बोलावलं नाही. मीही नाही.

चारही अल्बम पुन्हा चाळले. एकही फोटो नाही. मग मुलाच्या पहिल्या वाढदिवसाचा, 1997 सालचा फोटो दिसला आणि सगळं आठवलं. बाळ स्टुलावर बसलेलं, आक्का धरून उभ्या, कॅमेरा माझ्या हातात. मीच म्हणाले होते, "आक्का, जरा बाजूला व्हा ना, फोटोत येताय." त्या झाल्या. पण बाळ पडू नये म्हणून हात तेवढा राहिला. छापायला देताना तो हातसुद्धा मी कापायला सांगितला होता.

त्या रात्री मला झोप आली नाही. सगळे जीव सारखे, हे रोज वाचायचं आणि घरातल्याच जिवाला चौकटीबाहेर उभं करायचं! हे धर्मानं शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो फोटो हातासकट पुन्हा छापून आणला. माझा लग्नातला काढून टाकला. त्या रिकाम्या चौकोनासाठी सासूबाईंनी स्वतः ट्रंक उघडून आक्कांची पांढरी साडी काढली. वापरून वापरून मऊ झालेली. सोळावा चौकोन तिचाच, वर काही नाही.

दशलक्षण पर्वाच्या दहा दिवसांत दुपारी थोडे थोडे दोरे घातले. क्षमावणीच्या दिवशी वाकळ सासूबाईंच्या अंगावर घातली. त्यांनी फोटो फारसे बघितलेच नाहीत. हात फिरवत फिरवत त्या चौकोनावर आल्या आणि म्हणाल्या, "हं, या वन्सं."

आक्का जाऊन आता 11 वर्षं झाली. समोर असताना मागायची क्षमा मी कापडाकडं मागितली. ती कुणाला पोचते, मला ठाऊक नाही.

मैत्रिणींनो, वाकळ शिवा किंवा शिवू नका, पण एकदा अल्बम काढून फोटोंच्या कडा बघा. तिथं कुणाचा हात असेल आणि ते माणूस अजून घरात असेल, तर आजच त्यांना मधोमध बसवून एक फोटो काढा.

माझ्याकडून कुणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा.